तुम्ही विचारलंत म्हणून: कोंबडी अचानक मलूल झाली, काय द्यायचं?

"सकाळी दाणे टिपत होती, दुपारी बघते तर पंख सोडून कोपऱ्यात उभी. काय देऊ?" परसात चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्या बायका मला हे नेहमी विचारतात, बहुतेक वेळा दवाखाना बंद झाल्यावर. त्यांची घालमेल मला कळते. हाकेला धावत येणारी, रोजचं अंडं देणारी कोंबडी घरातलीच होऊन जाते. तरी माझं सांगणं एकच असतं: औषधाचं नाव नंतर, आधी तिला हातात घ्या.

कोंबडी दुखणं लपवते. कमजोर दिसली की बाकीच्या टोचतात, म्हणून ती होईल तेवढं रेटत राहते. आपल्याला जे अचानक वाटतं, ते बऱ्याचदा दोन-तीन दिवस आत चाललेलं असतं.

ती खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, तर नाही ना, हे आधी बघा. खुडूक कोंबडीही खाणं कमी करून बसून राहते, पण हात नेला की अंग फुलवून टोचायला येते. आजारी कोंबडी उचलली तरी निमूट उचलू देते.

मग तिला बाकीच्यांपासून वेगळं करा. खोक्यात कोरडं गोणपाट घालून वारा लागणार नाही अशा जागी ठेवा. कोंबडीचं अंग मुळात ४१ अंशांच्या आसपास गरम असतं. खाणं सुटलं की ती ऊब टिकवणं तिला जड जातं. पाणी समोर ठेवा, नाहीतर चोचीच्या कडेला थेंब थेंब लावा. हळद-लसणाचं पाणी नरड्यात ओतणं मात्र कृपा करून बंद करा. ते श्वासनळीत गेलं तर आजारापेक्षा उपायानेच ती जाईल.

आता बोटांनी बघा. गळ्याखाली दाण्याची थैली असते. रात्री ती भरलेली आणि सकाळी रिकामी असायला हवी. सकाळीही दगडासारखी घट्ट असेल तर चारा किंवा दोरा अडकलाय. पाण्याच्या फुग्यासारखी डुचमळत असेल आणि तोंडाला आंबूस वास येत असेल तर आतलं अन्न कुजतंय. तिला उलटी धरून ते काढू नका, गुदमरते. दवाखान्यात न्या.

अंडी देणारी असेल तर शेपटीखालचा भाग बघाच. आमची एक तांबडी अशीच उभी होती: शेपूट खाली, पाय फाकलेले, मधूनच कुंथत होती, चोच उघडी. पोटाखाली हात घातला तर अंडं बोटांना लागत होतं. घमेल्यात कोमट पाणी घेऊन तिला पोटापर्यंत बसवलं. पहिल्यांदा फडफडली, मग डोळे मिटून शांत बसली. पंधरा-वीस मिनिटांनी टॉवेलने नीट कोरडं केलं, गुदद्वाराला थोडं खोबरेल लावलं आणि अंधाऱ्या उबदार खोलीत ठेवलं. पोट दाबलं नाही. अंडं आत फुटलं तर कोंबडी वाचणं अवघड. संध्याकाळी अंडं आलं, कवच कागदासारखं पातळ. एका कवचात जवळपास २ ग्रॅम कॅल्शियम लागतं आणि ते चढायला साधारण २० तास जातात. नुसत्या ज्वारी-तांदळावर एवढं कुठून येणार? तेव्हापासून शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवलेला असतो. काही तासांत अंडं आलं नाही तर घरी थांबू नका. डॉक्टर कॅल्शियमचं इंजेक्शन देतात.

अशा कोंबडीला दुकानातून आणलेलं अँटिबायोटिक देऊन काय होणार? अडकलेलं अंडं गोळीने सुटत नाही. डॉक्टरांनी दिलं तर जरूर द्या, पण अंडी किती दिवस खायची नाहीत हे तिथेच विचारून घ्या.

एकीच्या मागोमाग दुसरी मलूल झाली, हिरवी हगवण, घरघर, मान वाकडी दिसली, तर मामला वेगळा. ती मानमोडी म्हणजे राणीखेत असू शकते आणि त्यावर औषध नाही. मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकू नका, आजारी कापून खाऊ नका, जिवंत आहेत तोवर विकून टाकू म्हणून बाजारात नेऊ नका. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. अशी मरतूक बर्ड फ्लूचीही असू शकते. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला तो आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. एका खुराड्यातली मरतूक कळवणं म्हणजे सगळ्या गावाची काळजी घेणं आहे.

राणीखेतला लसच उपयोगी. पिल्लू आठवड्याचं व्हायच्या सुमारास डोळ्यात किंवा नाकात लासोटा लशीचा थेंब, आठ आठवड्यांचं झालं की आर-टू-बी लशीचं इंजेक्शन. अडचण अशी की कुपी शंभर-शंभर पक्ष्यांची येते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. चार कोंबड्यांसाठी कोण आणणार? म्हणून आमच्या आळीत सगळ्या मिळून आणतो. आदल्या संध्याकाळी निरोप जातो, सकाळी उन्हाच्या आत जी ती आपलं डालगं घेऊन येते. बर्फाचा थर्मास माझ्याकडे असतो. तुमच्या शेजारीही कोंबड्या असतीलच, त्यांना आधी विचारा.