फासळी कुठली, बाजू कुठली

घरी विमान बांधण्याचा विषय निघाला की लोक इंजिनाविषयी विचारतात, खर्चाविषयी विचारतात आणि शेवटी, जरा आवाज खाली आणून, पहिल्या उड्डाणाविषयी विचारतात. प्रायमर, म्हणजे गंज थोपवणारा रंगाखालचा पहिला थर, मारण्याच्या दिवशी जी कारकुनी करावी लागते, तिच्याविषयी कोणी विचारत नाही. मला मात्र या उद्योगातला तो भाग सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो, कारण तोवर नाव-गाव असलेला प्रत्येक सुटा भाग त्या एका दिवसात अनामिक होतो आणि त्याची ओळख जपण्याची जबाबदारी सर्वस्वी बांधणाऱ्यावर येऊन पडते.

ॲल्युमिनियमचे विमान एकदाच जोडून भागत नाही. पंखाच्या फासळ्या, स्पार (पंखाच्या लांबीभर जाणारी मुख्य तुळई) आणि वरचा पत्रा हे सगळे आधी क्लेकोंनी, म्हणजे छिद्रात बसणाऱ्या स्प्रिंगच्या तात्पुरत्या चापांनी, एकत्र धरले जाते. ३/३२ इंची रिव्हेटच्या छिद्रासाठी चंदेरी क्लेको, १/८ इंचीसाठी तांबूस; असे शेकडो क्लेको खोवलेला पंख साळिंदरासारखा दिसतो. या अवस्थेत सगळे थर एकदम धरून छिद्रे अंतिम मापाला ड्रिल केली जातात. मग तो सारा पसारा पुन्हा सुटा करायचा, थरांमध्ये अडकलेला कीस झाडायचा, प्रत्येक छिद्राची बर, म्हणजे कडेला उठलेली धारदार कोर, काढायची, पत्र्याशी सपाट बसणाऱ्या रिव्हेटसाठी डिंपल, म्हणजे छिद्राभोवती बशीसारखे खोलगट खळगे, पाडायचे, पृष्ठभाग घासून किंचित खरबरीत करायचा, सॉल्व्हंटने पुसायचा आणि प्रायमरचा हात मारायचा. त्यानंतर तीच जोडणी पुन्हा करायची, या वेळी कायमची.

ड्रिल करण्यापूर्वी एका नमुन्याच्या दोन फासळ्या खरोखरच सारख्या असतात. एकत्र ड्रिल झाल्यावर त्या तशा राहत नाहीत. ड्रिल ज्या किंचित कोनात गेले आणि पत्रा त्या ठिकाणी जेवढा ताणलेला होता, तेवढा फरक त्या फासळीच्या छिद्रांत उतरतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण तीच फासळी शेजारच्या जागी लावून पाहिली तर ओळीने पाच-सहा छिद्रे निमूटपणे जुळतात आणि पुढच्या छिद्रात क्लेको शिरत नाही. ओढूनताणून बसवली तर छिद्र लांबट होते, आणि लांबट झालेले छिद्र रिव्हेट नीट भरून काढत नाही. अंतिम मापाची छिद्रे पाडूनच येणाऱ्या नव्या किटमध्ये हा त्रास कमी असतो. डाव्या-उजव्याचा घोळ मात्र तिथेही उरतो.

सर्वांत फसवे भाग मोठे नसतात. एखाद्या मजबुतीच्या साध्या आयताकृती पट्टीचेच उदाहरण घ्यावे. ती टोके बदलून लावता येते आणि उलथी करूनही लावता येते, म्हणजे बसण्याच्या चार शक्यता, आणि त्यांतली योग्य एकच. फासळीला निदान नाक आणि शेपूट असते. पट्टीला काहीच नसते. म्हणून नुसता भागाचा क्रमांक पुरत नाही. वरची बाजू कोणती, पुढचे टोक कोणते आणि डिंपल कोणत्या दिशेला पाडायचे आहेत, हेही त्या खुणेत असावे लागते. उलट्या दिशेने डिंपल पाडलेली डावी फासळी उजवीकडे चालेल अशी आशा काही काळ वाटते, पण बहुतेक वेळा ती भंगारातच जाते.

आता या खुणा करायच्या कुठे आणि कशाने, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. कारखान्यातून येताना भागांवर क्रमांकाची चिकटपट्टी किंवा शाईचे ठसे असतात, आणि पत्र्यावर बरेचदा निळसर प्लास्टिकचे संरक्षक आवरण असते. आवरणावर लिहिलेले आवरणाबरोबर जाते, चिकटपट्टी घासताना जाते आणि शाई ॲसिटोनच्या पहिल्या फडक्याला जाते. तेवढा भाग न पुसता सोडावा म्हटले, तर शाईवर आणि बोटांच्या तेलकटपणावर प्रायमर धरत नाही. शिसपेन्सिल हाताशी असते, पण ग्राफाइट आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये ओलावा आला की गंज ॲल्युमिनियमला लागतो. त्यामुळे पेन्सिलीने टापटिपीने लिहिलेला क्रमांक हाच पुढे गंजाचा आराखडा ठरू शकतो.

मग कोरून टाकावे, असे कोणालाही सुचेल. येथे पत्र्याची घडण समजून घ्यायला हवी. विमानात सर्रास वापरला जाणारा २०२४ हा मिश्रधातू ताकदवान आहे तो त्यातल्या सुमारे साडेचार टक्के तांब्यामुळे, आणि लवकर गंजतो तोही त्या तांब्यामुळेच. १९२० च्या दशकात यावर जो तोडगा निघाला तो अल्क्लॅड, म्हणजे या मिश्रधातूच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचे पातळ कवच. पातळ पत्र्यात हे कवच प्रत्येक बाजूला एकूण जाडीच्या साधारण पाच टक्के असते. ०.०२५ इंची पत्रा घेतला तर ते मिलिमीटरच्या सुमारे तीन शतांश भागाइतके भरते. टोकदार सुईने ओढलेली रेघ एवढे कवच सहज भेदून जाते, आणि गंज थोपवण्यासाठी प्रायमर मारायच्या आधीच आपण गंजाला दार उघडून दिलेले असते. शिवाय थरथरणाऱ्या पत्र्यावरची तीक्ष्ण रेघ म्हणजे थकव्याच्या तड्याला आयती सुरुवात. वाकवलेल्या कडेजवळ तर ती मुळीच नको. काही जण भार न येणाऱ्या कोपऱ्यात पंचाने बारीक ठिपके देतात, डाव्या भागाला एक आणि उजव्याला दोन, अशा पद्धतीने. जागा नीट पारखून घेतली तर ते चालते, पण ती पारख त्या क्षणी आपल्याला आहे की नाही याची खात्री कोण देणार?

माझा कौल म्हणून चिठ्ठीला आहे, तीही धातूच्या. उरलेल्या पत्र्याचे बोटभर तुकडे कापावेत, त्यांच्या कडा घासून घ्याव्यात, नंबर-पंचाने त्यांवर क्रमांक ठोकावा आणि मऊ तारेने त्या भागाच्या ठरावीक छिद्रात सैल अडकवावेत. ठरावीक म्हणजे नेहमी पुढच्या टोकाच्या वरच्या छिद्रात. मग चिठ्ठी जिथे लोंबते तेच पुढचे आणि वरचे टोक, वेगळा बाण काढायला नको. ठोकलेला आकडा खोलगट असल्यामुळे सॉल्व्हंट त्याचे काही बिघडवत नाही आणि प्रायमरचा थर बसल्यावरही चिठ्ठी उजेडात तिरपी धरली की तो वाचता येतो. तारेखाली टाचणीएवढी जागा कोरी राहते; तिथे नंतर कुंचल्याचे टोक टेकवले की झाले. याच्या जोडीला, सुटे करण्यापूर्वी जोडलेल्या अवस्थेतला एक फोटो आणि भाग टांगताना पंखातल्याच क्रमाने टांगण्याची शिस्त असावी. यांपैकी एकावर विसंबणारे लोक मला धाडसी वाटतात.

खरे तर घोटाळ्याचे मूळ विसराळूपणात नसतेच. दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर एकदा कालवला की काही तासांच्या आत वापरावा लागतो. श्वसनाचा मुखवटा चढवायचा, अंगभर झाकून घ्यायचे, काम संपल्यावर स्प्रे-गन शेवटच्या जाळीपर्यंत धुऊन ठेवायची, हे सगळे चार भागांसाठी करणे जिवावर येते. साहजिकच माणूस म्हणतो, आता कालवलेच आहे तर शेपटीचेही भाग आणा, झाकणेही आणा. दोन-तीन वेगवेगळ्या जोडण्यांचे भाग एकाच दोरीवर येतात, सगळ्यांवर एकाच रंगाचा थर बसतो आणि उडदामाजी काळे-गोरे निवडण्याची पाळी येते. हा थर असतो तरी केवढा? इपॉक्सी प्रायमरच्या एका प्रचलित लष्करी मानकात तो १५ ते २३ मायक्रॉन सांगितला आहे. एवढ्याशा जाडीत छापील अक्षरे, घासल्याच्या खुणा, कुठल्या फासळीच्या कडेला किंचित पोचा होता ते, असे सगळे ओळखीचे तपशील झाकले जातात. एका वेळी एकाच जोडणीचे भाग मारावेत, हा सल्ला थोडा खर्चीक आहे, तरी मी तोच देईन.

प्रायमर वाळला की चिठ्ठी सोडण्याच्या आधी क्रमांक मार्करने भागावर उतरवून घेण्याची पद्धत आहे आणि पंखाच्या आतल्या भागांसाठी ती उत्तम आहे. बाहेरच्या पत्र्यावर मात्र हात आवरावा. आदल्या टप्प्यात फडक्याच्या एका फटकाऱ्याने गेलेली ही शाई वरच्या पांढऱ्या रंगातून जांभळट होऊन झिरपते आणि दुसऱ्या हातानंतरही पुन्हा वर येते. रंगाआधी ती अल्कोहोलने पूर्ण पुसून काढलेली बरी.

शेवटच्या रंगाच्या वेळी भाग कमी असतात, पण हिशेब वेगळा असतो. एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर हे पंखाचे आणि शेपटीचे हलणारे भाग सुटे करून रंगवले की बिजागरीच्या मागे रंगाचे वजन वाढते, आणि उड्डाणात त्यांची अनावर फडफड होऊ नये म्हणून त्यांचा तोल रंगानंतर पुन्हा तपासावा लागतो. तेव्हा कोणते तोलवजन कोणत्या एलेरॉनचे होते आणि आधी ते किती भरले होते, ही नोंद चिठ्ठीवर मावत नाही. तिला वही हवी. बिजागऱ्यांचे वॉशरही जागेनुसार वेगवेगळ्या जाडीचे असतात, ते वेगळ्या पाकिटांत ठेवावेत. तपासणीच्या झाकणांसाठी जाड पुठ्ठा सर्वांत सोयीचा. त्यावर झाकणाची बाह्यरेषा काढायची, प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी खुपसायचा आणि उड्डाणाच्या दिशेचा बाण काढायचा, कारण ज्या झाकणाची छिद्रे दिसायला अगदी समान अंतरावर असतात, नेमके तेच उलटे बसवले की एका कोपऱ्यातला स्क्रू आटा धरत नाही.