दहा बाय बाराच्या खोलीसाठी स्पीकर आणि हेडफोन

नवी पेठेतल्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "बजेट किती?" आणि लगेच दुसरा, "५.१ दाखवू की साउंडबार?" (५.१ म्हणजे पाच छोटे स्पीकर आणि खर्जासाठी एक वेगळा डबा, म्हणजे सबवूफर; साउंडबार म्हणजे टीव्हीखालची एकच लांब पट्टी.) खरं तर आधी खोली विचारायला हवी. सोलापुरात टीव्हीची खोली बहुतेकदा दहा बाय बारा फुटांची असते. खाली शहाबादी फरशी किंवा टाइल्स, चारही बाजूंना सिमेंटचा गिलावा, वर स्लॅब. अशा खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीनंतर जो पत्र्यासारखा झणका मागे राहतो, तोच प्रत्येक संवादाला चिकटतो. म्हणून तीस हजारांच्या आत काम भागवायचं असेल तर माझं मत ठाम आहे: पाच हलके स्पीकर घेऊ नका, पुढचे दोन चांगले घ्या आणि थोडे पैसे खोलीसाठी राखून ठेवा.

स्वस्त ५.१ सेट नेमका कुठे कमी पडतो? त्याच्या छोट्या डब्यांत अडीच-तीन इंची ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा पडदा, असतो. दीडशे-दोनशे हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या; आकडा जितका लहान, तितका स्वर खर्जाचा) खाली तो फारसं काही वाजवू शकत नाही, त्यामुळे तिथपर्यंतचा सगळा भार सबवूफरवर पडतो. पुरुषाच्या आवाजाचा खालचा भाग याच पट्ट्यात असतो. मग माणूस पडद्यावर बोलतो आणि त्याचा खर्ज कोपऱ्यातल्या डब्यातून येतो. याउलट पाच ते साडेसहा इंची वूफर (खर्जाचा ड्रायव्हर) आणि वेगळा ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा ड्रायव्हर) असलेली बुकशेल्फ, म्हणजे कपाटावर मावेल एवढ्या स्पीकरांची, जोडी साठ हर्ट्झच्या आसपासपर्यंत स्वतःच उतरते. समोर दोघं-तिघं बसणार असतील तर सेंटर स्पीकरशिवायही (तो टीव्हीजवळ मधोमध ठेवतात) संवाद बरोबर मधून ऐकू येतात. घरचे सगळे खोलीभर पसरून बसत असतील तर मात्र सेंटरचा खरा उपयोग आहे.

आता वॉट. खोक्यावरचा पीएमपीओचा (क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला) आकडा वाचूच नका, आरएमएस (सतत देता येणारी ताकद) बघा. तोही फुगवलेला वाटला तर सेट उलटा करून मागचं लेबल वाचा. जो सेट भिंतीतून साठ वॉट घेतो तो सतत चारशे वॉट देऊ शकत नाही, हे साधं गणित आहे. आणि एवढे वॉट लागतातही कुठे? ८६ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर एका वॉटमध्ये एक मीटरवर ८६ डेसिबल देतो. अडीच मीटरवर त्यातले आठ कमी होतात, दोन स्पीकर मिळून तीन परत येतात, बंद खोली आणखी दोन-तीन देते. म्हणजे एका वॉटमध्ये बसल्या जागी ८३ च्या आसपास. घरी आपण साधारण ७०-७५ वर सिनेमा बघतो. स्फोटाचा प्रसंग ९५ पर्यंत गेला तरी प्रत्येक स्पीकरला सोळा-सतरा वॉट पुरतात. त्यामुळे खरे ४०-५० वॉट असले की या खोलीत काही कमी पडत नाही. सेन्सिटिव्हिटी तीन डेसिबलने जास्त असेल तर तेवढ्याच आवाजाला निम्मे वॉट लागतात, म्हणून हा आकडा दुकानदाराला आवर्जून विचारा.

या जोडीला चालवायला छोटा क्लास-डी (कमी वीज खाणारा) अँप्लिफायर घेताना एक खाचखळगा लक्षात ठेवा. टीपीए ३११६ चिपवरचे अँप स्वस्त आणि चांगले असतात, पण सोबत अनेकदा १२ व्होल्टचा अडॅप्टर येतो. १२ व्होल्टवर आठ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या रोधाचं माप) स्पीकरला जेमतेम नऊ वॉट मिळतात, त्यापुढे आवाज फाटतो. तोच अँप २४ व्होल्ट, ५ अँपियरच्या अडॅप्टरवर तीस वॉटच्या घरात जातो. चिपची मर्यादा २६ व्होल्टची आहे, त्यामुळे त्याहून मोठा अडॅप्टर लावू नका. अँपवरही कमाल व्होल्टेज छापलेलं असतं, ते आधी वाचा.

महागडी स्पीकर वायर नकोच. घराच्या वायरिंगची दीड स्क्वेअर एमएमची शुद्ध तांब्याची मल्टिस्ट्रँड वायर उत्तम चालते. दहा मीटर लांबीला जाऊन-येऊन पाव ओहमच्या आतच रोध येतो. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर मात्र टाळा. टोक चाकूने खरवडलं की आतला पांढरा धातू दिसतो. जोडताना लाल-काळ्याची अदलाबदल एका बाजूला जरी झाली तरी बास गायब होतो आणि गायकाचा आवाज मधोमध न येता खोलीभर पसरतो. नव्या सेटची "बासच नाही" ही तक्रार पुष्कळदा एवढ्यावरच मिटते.

शोकेसच्या कप्प्यात स्पीकर कोंबू नका, घुमतात. मागे पोर्ट (हवा जाण्यायेण्याचं गोल भोक) असेल तर भिंतीपासून वीतभर तरी पुढे ठेवा. ट्वीटर कानाच्या उंचीवर हवा: सोफ्यावर बसत असाल तर साधारण तीन फूट, खाली गादीवर बसत असाल तर दोन-सव्वादोन. दोन स्पीकरांत सहा फूट, तुम्ही त्यांच्यापासून सात-आठ फुटांवर. डोकं मागच्या भिंतीला टेकवून बसू नका, तिथे बास फुगतो.

बासबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सबवूफर विकत घेऊन निराश होणारे बरेच असतात. बारा फूट लांबीची खोली ४७ हर्ट्झला स्वतःच घुमते, दहा फूट रुंदीची ५६ ला. जुन्या घरांत छतही दहा फुटांवर असतं, म्हणजे ५६ वर दोन घुमारे एकमेकांवर चढतात. सब कोपऱ्यात ठेवला की हे सगळे एकदम जागे होतात. उपाय फुकटचा आहे. सब उचलून तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बासची एक संथ चाल सुरू करा आणि भिंतीकडेने गुडघ्यावर रांगत फिरा. जिथे प्रत्येक ठोका सारखा ऐकू येईल तिथे सब ठेवा. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे स्वर सबकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्झपासून सुरू करा. मग सबवरचा फेजचा (त्याच्या लहरी स्पीकरांशी जुळवणारा) खटका दोन्हीकडे फिरवून बघा आणि जिकडे बास भरीव वाटेल तिकडे ठेवा. तपासायला गोंधळातला संबळ घ्या. त्याचा खालचा ठोका भरीव आणि वरचा कोरडा, असे दोन्ही सुटे ऐकू आले पाहिजेत. या खोलीला आठ इंची सब पुरे.

झणका घालवायला आपल्या गावात माल हाताशी आहे. सोलापुरी चादर भिंतीला चपटी ठोकली तर फक्त वरचे स्वर थोडे मऊ होतात, बाकी काही नाही. तीच दुहेरी घडी करून भिंतीपासून चार इंच पुढे टांगली तर फरक कळतो. त्याहून चांगलं म्हणजे टेरी टॉवेल. दोन बाय चार फुटांची, चार इंच खोल लाकडी चौकट करा. त्यात घडी घातलेले टॉवेल थरांनी सैलसर भरा, दाबून नाही, आणि पुढून पातळ सुती कापड ताणून लावा. जागा शोधायला एकाने भिंतीवर आरसा सरकवत न्यावा. बसल्या जागेवरून आरशात स्पीकर दिसला की तिथेच चौकट. डावी-उजवी अशा दोन पुरतात, आणि फरशीवर स्पीकर व बैठकीच्या मध्ये जाड सतरंजी. चाटी गल्लीत किरकोळ दोष असलेला माल मिळाला तर तोच घ्या, आवाजाला विणीतला दोष कळत नाही.

जोडणी केल्यावर घूं असा आवाज येत असेल तर आधी डिश किंवा केबलची तार सेट टॉप बॉक्समधून काढून बघा. आवाज थांबला तर तो ग्राउंड लूप, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा नको तो प्रवाह, आहे. टीव्हीपासून ऑप्टिकल (प्रकाशावर चालणाऱ्या) वायरने जोडलं की बहुधा सुटतो. अर्थिंगची पिन कापणं हा उपाय नाही, तो जिवाशी खेळ आहे. फक्त लाइट गेल्यावर, इन्व्हर्टरवरच घुरघुरत असेल तर दोष स्पीकरचा नसून इन्व्हर्टरच्या स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे ओबडधोबड लहरींच्या विजेचा, आहे. ऑप्टिकल वायर स्टिरिओ अँपला किंवा छोट्या डॅकला (डिजिटल सिग्नलचा आवाज करणाऱ्या डबीला) जोडली आणि काहीच वाजेना, तर टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये पीसीएम (साधा डिजिटल आवाज) निवडा. डॉल्बीचा सिग्नल या डब्यांना उलगडता येत नाही.

हेडफोन निवडताना आधी आसपासचा आवाज ओळखा. एप्रिल-मेमध्ये कूलर आणि पंखा रात्रभर घरघरत असतात. ही संथ, सलग घरघर नॉइज कॅन्सलेशन (बाहेरचा आवाज उलट लहरींनी दाबणारी सोय) छान कापतं. शेजारच्या यंत्रमागाची खटखट मात्र त्याला तितकी जमत नाही, कारण प्रत्येक ठोका अचानक येतो. तिथे कानात घट्ट बसणारे सिलिकॉनच्या टोप्यांचे वायरवाले इअरफोन जास्त कामाचे आणि बरेच स्वस्त. टोपी लहान पडली तर बास पूर्ण जातो, म्हणून सोबतच्या तिन्ही मापांच्या लावून बघा. मागून उघडे हेडफोन ऐकायला मोकळे आणि सुंदर, पण कूलरसमोर त्यांचा काही उपयोग नाही.

साध्या ब्लूटूथवर टीव्हीचा आवाज सेकंदाच्या पाचव्या भागाइतका मागे पडू शकतो, आणि ओठ व शब्द जुळत नाहीत. रात्री सिनेमासाठी वायरवाला किंवा २.४ गिगाहर्ट्झचा डोंगलवाला (टीव्हीला लावायच्या छोट्या बटव्यासारख्या तुकड्यावर चालणारा) हेडफोन घ्या. ओहमही बघा. बायरडायनामिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये येतो. २५० वाला थेट फोनला लावला तर आवाज कमीच राहतो, त्याला वेगळा अँप लागतो. आणि आपल्या उन्हाळ्यात रेक्झिनच्या गाद्या घामाने भिजतात, काही काळाने त्यांचे पापुद्रे सुटतात. कापडी किंवा मखमली गादीचा हेडफोन निवडा. गाद्या सुट्या मिळतात का आणि वायर काढून बदलता येते का, हे पैसे देण्याआधी विचारा, कारण सगळ्यात आधी पिनेजवळची वायरच तुटते.