दंडावर अधिभार लावला, तरी पोलीस ठाण्याला जीप मिळेल का?

गणपतीच्या तोंडावर मुंबई-गोवा महामार्ग ६६ वर दंडाच्या चलनांचा धडाका लागला की एक सूचना हमखास कानावर येते: दंडावर थोडा अधिभार, म्हणजे वरचा जादा आकार, लावा आणि तो इथल्याच पोलिसांना, इथल्याच जेलला द्या. ऐकायला बरं वाटतं. पण आपल्याकडे सरकारी पैसा असा वाहत नाही.

विनाहेल्मेटचे ५०० रुपये कणकवलीत भरले म्हणून ते कणकवलीत राहत नाहीत. राज्यघटनेच्या अनुच्छेद २६६ प्रमाणे ते राज्याच्या एकत्रित निधीत, म्हणजे मुख्य तिजोरीत, जातात. अर्थसंकल्पात पोलिसांची जमा ००५५ या शीर्षाखाली (हिशेबाच्या खात्याखाली), खर्च २०५५ खाली. तुरुंगांची जमा ००५६, खर्च २०५६. कोर्टाने ठोठावलेला दंड ००७० खाली, न्यायदानाच्या जमेत. एका शीर्षाची जमा वाढली म्हणून दुसऱ्याचा खर्च आपोआप वाढत नाही. त्यासाठी विधिमंडळाची मंजुरी लागते.

दंड वाढवायची सोय मात्र आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम २१०अ आलं. राज्याला दंडाला १ ते १० पट गुणक लावता येतो. पण तो गुणकच. वाढीव रक्कमही त्याच निधीत. शिवाय रस्त्यावर वसूल होते ती कलम २०० ची तडजोड रक्कम (कोर्टात न जाता प्रकरण मिटवायची), आणि ती राज्यच ठरवतं. हेल्मेटचा कायद्यातला दंड १,००० असताना आपल्याकडे ५०० घेतले जातात, ते यामुळेच. दारू पिऊन गाडी चालवणं तडजोडीत बसत नाही, ते थेट कोर्टात.

ही कल्पना अमेरिकेत रुळलेली. तिथे अनेक ठिकाणी काऊंटीचा (आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा) शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुखच, जेल चालवतो, म्हणून स्थानिक वसुली आणि स्थानिक खर्च यांची गाठ पडते. कॅलिफोर्नियात मूळ दंडाच्या दर १० डॉलरमागे राज्याचे १० आणि काऊंटीचे ७ डॉलर लागतात; बाकीची भर पडून १०० डॉलरचा दंड सुमारे ४९० वर जातो. मिझुरी राज्यातल्या फर्ग्युसन शहरात पोलिसांचं लक्ष सुरक्षेपेक्षा वसुलीवर कसं गेलं, ते अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१५ च्या अहवालात मांडलं.

आता हिशेब. समजा २० टक्के अधिभार: ५०० वर १००. हजार चलनांचे एक लाख. दहातली चारच भरली गेली तर चाळीस हजार. न भरण्याचं कारण नेहमी मुजोरीच असतं असं नाही. आरसीला (गाडीच्या नोंदणीला) जोडलेला मोबाईल जुना, गाडी विकलेली पण नावावर तशीच, चाकरमान्याची गाडी मुंबईची. मेसेज पोचतच नाही. मग प्रकरण लोकअदालतीत जातं. आकडा जितका मोठा, तितके लोक सवलतीच्या आशेने तिथवर थांबतात.

आणि वसुली गणपती, मे महिना, डिसेंबर अशी हंगामी, तर जेलचा खर्च बारमाही. देशात चारांतले जवळपास तीन बंदी न्यायाधीन (खटल्याचा निकाल न लागलेले) आहेत, म्हणजे रत्नागिरीच्या विशेष कारागृहासारख्या ठिकाणाहून तारखेला न्यायला सतत ‘कैदी पार्टी’, म्हणजे सोबत जाणारी पोलिसांची तुकडी, लागते. बंदोबस्ताच्या दिवसांत तेच पोलीस घाटात उभे. माणूसच नसेल तर तारीख पुढे, आणि बंदी आत. अधिभाराने हे सुटणार नाही. त्याला पदं भरावी लागतील.

गाड्या आणि सीसीटीव्हीसाठी जिल्ह्याच्या विकासनिधीचं वाटप ठरवणाऱ्या जिल्हा नियोजन समितीचा रस्ता आजही खुला आहे. आधी काय मिळालं ते पाहायचं तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांत. जिल्ह्यात वर्षभरात किती चलनं काढली, किती रक्कम वसूल झाली, एवढंच विचारा. समितीने पोलिसांना काय दिलं, ते दुसऱ्या अर्जात.