कवच फुटलेली गाठ

मावशींचा उजवा कान दोन महिने ठणकत होता. गावात कानाचे ड्रॉप झाले, गोळ्या झाल्या. मी कानात डोकावले, काहीच नव्हते, म्हणून तोंड उघडायला लावले. उजवा टॉन्सिल खडबडीत, मधोमध व्रण, आणि त्याच बाजूला मानेत सुपारीएवढी गाठ. घशाच्या त्या भागाची आणि मधल्या कानाची नस एकच. दुखते घशात, कळ येते कानात.

वय 54. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या. मिशरी तीस वर्षे.

बायोप्सीत कॅन्सर निघाला. स्कॅनमध्ये टॉन्सिलची गाठ अडीच सेंटीमीटरची आणि मानेत एकच ग्रंथी वाढलेली. आमच्या मीटिंगमध्ये दोन वाटा समोर होत्या. एक, शस्त्रक्रिया न करता सात आठवडे रेडिएशन आणि सोबत केमो. दुसरी, रोबोटने तोंडावाटे गाठ काढायची, मानेतल्या ग्रंथी काढायच्या आणि रिपोर्ट पाहून पुढचे ठरवायचे. रोबोटची ओढ यासाठी, की सगळे स्वच्छ निघाले तर रेडिएशनचा डोस कमी होतो, केमो टळते आणि गिळणे वाचते. मी त्यांना हे सांगितले आणि वर एक वाक्य जोडले : "मावशी, बहुतेक केमो लागणार नाही." ते वाक्य मी बोलायला नको होते.

शस्त्रक्रियेची सुरुवात मानेपासून केली. ग्रंथी काढताना घशाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या बांधून घेतल्या, कारण नंतर घशात रक्तस्राव झाला तर थेट श्वासावर बेतते. मग तोंडात चिमटा लावून जीभ बाजूला धरली, रोबोटचे हात आत गेले आणि ते हात चालवायला मी खोलीच्या कोपऱ्यातल्या कन्सोलवर बसले. पूर्वी अशा गाठीपर्यंत पोहोचायला ओठ चिरून जबडा करवतीने कापावा लागे. मी शिकत असताना ते पाहिले आहे, आणि त्या पेशंटचे चेहरेही. रोबोटने चेहऱ्यावर एक ओरखडासुद्धा येत नाही. पण त्यात स्पर्श नसतो. गाठ कुठे संपते ते बोटाला कळत नाही, ऊतक किती ताणले जाते ते डोळ्यांनीच ओळखायचे. शेजारी उभा असलेला सहाय्यक त्यावेळी माझे बोट असतो. गाठ निघाली, कडांचे तुकडे लगेच पॅथॉलॉजीला गेले. निरोप आला : कडा स्वच्छ, तिथे कॅन्सर नाही. पाचव्या दिवशी मावशी नाकातल्या नळीसह वॉर्डात फिरत होत्या, दहाव्या दिवशी पेज गिळू लागल्या.

त्याच दिवशी अंतिम रिपोर्ट आला. टॉन्सिलच्या कडा स्वच्छच होत्या. पण मानेतल्या त्या एका ग्रंथीचे कवच फोडून कॅन्सर बाहेर आला होता. स्कॅनवर ती ग्रंथी गुळगुळीत दिसली होती.

2004 साली अमेरिका आणि युरोपातल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले तेव्हापासून हा मुद्दा आमच्यासाठी स्पष्ट आहे : कवच फुटले असेल किंवा कडेवर कॅन्सर असेल तर शस्त्रक्रियेनंतर नुसते रेडिएशन पुरत नाही, सोबत सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध द्यावे लागते. म्हणजे एकाच घशावर शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि केमो, तिन्ही उपचार. आम्ही जे टाळायला निघालो होतो, तेच.

मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले आणि सरळ सांगितले. त्या बराच वेळ मानेच्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही तर म्हणला होता लागणार न्हाई." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागले. मी म्हटले, "चुकले माझे, मावशी. तेव्हा तिन्ही सांगायला हवे होते." तेव्हापासून रोबोटचा विषय काढण्याआधी मी तिन्ही उपचार सांगते. रोबोट निवडणे म्हणजे केमो टळणे नव्हे, आणि ज्याच्या स्कॅनवर कवच फुटल्याची शंका आधीच दिसते त्याला मी शस्त्रक्रियेचा आग्रह धरत नाही.

आता सहा आठवड्यांची मुदत गाठायची होती. शस्त्रक्रियेनंतर दीड महिन्याच्या आत रेडिएशन सुरू व्हायला हवे. किडलेले दोन दात काढले, कारण रेडिएशननंतर जबड्याच्या हाडाची जखम भरत नाही. ऐकण्याची आणि किडनीची तपासणी झाली, कारण सिस्प्लॅटिन दोन्हींना बाधते. गरम पाण्यात मऊ केलेली जाळी चेहऱ्यावर दाबून मुखवटा केला. रोज तोच घालून टेबलाला जखडून घ्यायचे, 33 वेळा.

रेडिएशनच्या चौथ्या आठवड्यात तोंड सोलवटले. थुंकी दोरीसारखी झाली, पाणीही टोचू लागले. "आता शेक बस झाला," म्हणून त्या निघाल्याच होत्या. मधे खंड पडला तर कॅन्सरच्या पेशींना पुन्हा उभे राहायला वेळ मिळतो, हे मी त्यांच्या मुलाला समजावले. नाकात पुन्हा नळी घातली. गिळण्याचे व्यायाम शिकवणारी आमची थेरपिस्ट रोज चमचाभर पाणी घेऊन त्यांच्याशेजारी बसायची, एकच घोट, जोर लावून. वापर थांबला की गिळण्याचे स्नायू आखडतात. तो एक घोट मला त्या काळात सगळ्यात महत्त्वाचा वाटायचा. 33 पूर्ण झाले.

परवा तपासणीला आल्या तेव्हा वर्ष उलटले होते. घसा स्वच्छ. तोंड कोरडे, हातात कायम पाण्याची बाटली. भाकरी आमटीत बुडवूनच उतरते. शाळेत परत रुजू झाल्या आहेत. मी विचारले, चव कळते का? गोड थोडे कळते, म्हणाल्या, मीठ अजून न्हाई.

"मग खिचडीचं?"

"आता मीठ वाटीनं मोजून घालते. आणि वाढायच्या आधी चौथीतल्या एका पोरीला चाखायला देते. ती खरं सांगते."