अकरा मुली आणि एक एसटी

आज तालुक्याला १७ वर्षांखालील मुलींची खो-खो स्पर्धा होती. आमच्या हायस्कुलात आठवी ते दहावी मिळून मुली २६. त्यातून १२ जणींचा संघ करायचा म्हणजे निवड कसली, विनवणीच. क्रीडाशिक्षक नाही, म्हणून शिट्टी माझ्या गळ्यात. मी मूळचा गणिताचा!

सकाळी फाट्यावर मोजल्या तर अकराच. एक मुगाच्या शेंगा तोडायला गेलेली. तिच्या आईला फोन लावला. "सर, पाऊस यायच्या आत रान मोकळं होऊ द्या, मग न्या की." काय बोलणार?

पहिला सामना जिंकलो. दुसऱ्यात समोरच्या पोरींच्या पायात नवे बूट, आमच्या अनवाणी. पण आमची आठवीतली काडी शेवटच्या तुकडीत उतरली आणि साडेतीन मिनिटं कुणाच्या हाती लागली नाही. खांबाजवळ पाय घसरला तेवढाच. दोन गुणांनी गेलो.

परतीच्या एसटीत रडारड होईल वाटलं होतं. कसलं काय! वडापाव खात कंडक्टरकाकांनाच खो द्यायला शिकवत होत्या. एक वडापाव मूगवालीसाठी दप्तरात बांधून घेतला.

उद्या घटक चाचणी आहे, हा विषय मी काढलाच नाही.