कॉलेजमधलं कलाकेंद्र आणि दाराच्या रुंदीवर अडलेली फाइल

आमच्या कॉलेजच्या आवारात ५०० खुर्च्यांचं सभागृह, नृत्य-संगीताच्या तालमीच्या खोल्या आणि चित्रांसाठी एक दालन असं कलाकेंद्र उभं राहिलं. नकाशामंजुरी, माती परीक्षण, पाया, स्लॅब सगळं वेळेत झालं. अग्निशमनाचा अंतिम दाखला मात्र असा रखडला की त्याचा राग अजून मनातून जात नाही. नागपुरात कुठलं कॉलेज सभागृह बांधायला काढत असेल, तर इमारत समितीतल्या प्रत्येकाने हे आधी वाचावं.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे अग्निशमन विभागाकडे फाइल दोनदा जाते. पहिली ना-हरकत नकाशाच्या वेळी. दुसरी सगळी यंत्रणा बसल्यावर, ती नियमाप्रमाणे बसवल्याचा परवानाधारक एजन्सीचा दाखला, म्हणजे फॉर्म ए, जोडून. ही दुसरी हातात आल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायची परवानगी, मिळत नाही आणि भोगवटा नाही तर सभागृहाला कुलूप. पहिली ना-हरकत बिनबोभाट मिळाली म्हणून कुणी निर्धास्त राहू नये.

आमचं घोडं अडलं ते माणसांच्या आकड्यावर. खुर्च्या ५००, त्याही जमिनीत बोल्ट मारलेल्या, तरी आम्ही माणसं ५०० लिहिली नव्हती. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या भाग ४ मध्ये सभागृहाला माणशी ०.६ चौरस मीटर धरतात, आणि प्रत्यक्ष संख्या कमी असली तरी या हिशेबाच्या खाली जाता येत नाही. आमचं प्रेक्षागृह ४२० चौरस मीटरचं, म्हणजे ७०० माणसं. सपाट मार्गाने बाहेर पडायला माणशी ६.५ मिलिमीटर रुंदी, म्हणजे एकूण ४,५५० मिलिमीटर. सभागृहाचं दार २ मीटरपेक्षा अरुंद चालत नाही, त्यामुळे ५०० च्या हिशेबात दोन दारं पुरतात, ७०० च्या हिशेबात तीन लागतात. दोन आकड्यांत एका अख्ख्या दाराचा फरक पडतो. आम्ही चार दारं ठेवली होती आणि नकाशावर ७०० असं स्पष्ट छापलं होतं.

तरी पहिला शेरा आला: ‘आसनसंख्या व व्यक्तिभार (माणसांची हिशेबी संख्या) जुळत नाही.’ ते जुळणारच नव्हते, कारण एक खुर्च्यांचा आकडा आहे आणि दुसरा क्षेत्रफळावरून काढलेला. उत्तर दिलं, तर पुढचा शेरा: रंगमंचावरचे कलाकार कुठे मोजले? त्याचं उत्तर गेल्यावर: व्हीलचेअरच्या जागा ५०० मध्ये की वेगळ्या? सगळे प्रश्न रास्त आहेत, त्यावर माझी तक्रार नाही. पण एकाच बैठकीत एकाच कागदावर विचारता येणारे प्रश्न एकेक करून विचारले गेले आणि प्रत्येक वेळी फाइल पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन बसली. मधेच संबंधित साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली.

मग जागेवर पाहणी झाली. मोजणाऱ्याने स्टीलची टेप दाराच्या चौकटीला लावली. दोन पल्ल्यांचं दार, एक पल्ला वरखाली कडीने बंद. तो उघडून न घेता एकच पल्ला मोजला आणि ‘दार १ मीटर’ असं लिहून टाकलं. आमचा साइट इंजिनिअर शेजारी उभा राहून ‘साहेब, दुसरा पल्ला उघडतो’ म्हणत होता. तो शेरा खोडायला नवीन अर्ज, नवीन पाहणी.

या रुंदीचा हिशेब नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचं इथेच फसतं. मोजतात ती मोकळी रुंदी. भिंतीत २ मीटरचं भोक ठेवलं तर ६५ मिलिमीटरच्या दोन चौकटी आणि उघडल्यावर आत राहणारी ४६ मिलिमीटर जाडीच्या दोन पल्ल्यांची जाडी वजा जाऊन १,७७८ मिलिमीटरच उरतात. आम्ही भोक २,३०० चं ठेवलं होतं, उरले २,०७८. पुढे आलेला पॅनिक बार, म्हणजे ढकलताच दार उघडणारा आडवा दांडा, आणखी जागा खातो, म्हणून पल्ला ९० अंशांपलीकडे भिंतीला टेकेल असे बिजागर घ्या. गिलावा आणि दगडी क्लॅडिंगही धरूनच भोक ठेवा. नंतर आरसीसी फोडायला कुणी तयार होत नाही.

त्यात डिसेंबर आला. हिवाळी अधिवेशन नागपुरात असलं की पाहणी करणारी माणसं बंदोबस्तात जातात आणि त्याच दिवसांत कॉलेजांची स्नेहसंमेलनं असतात. मुलांनी तालमी केल्या होत्या, त्यांना मंडपात नाचावं लागलं, हे मला सगळ्यात जास्त लागलं. अंतिम अर्ज दिवाळीच्या बराच आधी टाका.

शेवटी उपयोगी पडला तो एक पानाचा तक्ता. खुर्च्या, व्हीलचेअर जागा, कलाकार, क्षेत्रफळावरून काढलेली माणसं, लागणारी रुंदी, प्रत्येक दाराची मोकळी रुंदी, सोबत दोन्ही पल्ले उघडे आणि टेप लावलेली दिसेल असे फोटो. आर्किटेक्ट आणि फायर कन्सल्टंट दोघांच्या सह्या. हा तक्ता फाइलच्या सर्वांत वर लावला आणि ‘सर्व त्रुटी एकत्रित कळवाव्यात’ असं पत्र देऊन पोच घेतली. नंतरच्या पाहणीत दाखला सुटला. हेच पान पहिल्या अर्जालाच जोडा.

आता राहून गेलेल्या गोष्टी. पडदे, खुर्च्यांचं कापड, कार्पेट, भिंतीवरची ध्वनिशोषक पॅनेलं यांचे अग्निरोधक चाचणी अहवाल माल उतरतानाच घ्या. बिल दिल्यावर पुरवठादार फोन उचलत नाही. जुन्या कॉलेजांना फाटकावर कमान असते, तिच्याखालून अग्निशमनाची गाडी जाते का ते मोजा. मोकळी उंची ५ मीटर हवी. पाण्याची टाकी अशी बांधा की पाणी आधी आगीच्या कप्प्यात पडेल आणि तिथून ओसंडून वापराच्या कप्प्यात जाईल, म्हणजे राखीव पाणी साचून सडत नाही. रंगमंचाचे डिमर आणि ध्वनियंत्रणा वेगवेगळ्या फेजवर, अर्थिंगही स्वतंत्र. नाहीतर दिवे मंद केले की स्पीकर गुणगुणतात. आणि काळ्या मातीवर पाया असेल तर फुटिंग कडक मुरुमापर्यंत न्या, फरशीखालची काळी माती काढून मुरूम भरा. पावसाळ्यात ती माती फुगते आणि रंगमंचाची लाकडी जमीन उचलते.

दाखला मिळाल्यावर दर जानेवारी आणि जुलैत यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा परवानाधारक एजन्सीचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, द्यावा लागतो. प्राचार्यांच्या कार्यालयात ती तारीख लावून ठेवा. चौकीदाराला रात्री बाहेर पडायच्या दारांना साखळी घालू देऊ नका. कार्यक्रमाच्या दिवशी चारही दारं स्वतः ढकलून पाहा.