०.४ अंशांवर अडकलेली फाइल

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष शीतगृहातून पहाटे फोन आला. "साहेब, पडद्यावर ०.४ दाखवतंय, पण पेट्यांना घाम सुटलाय." निर्यातीचा माल होता. मी गाडी काढली.

खोलीत तापमान मोजणारा डीएस१८बी२० सेन्सर आणि बाहेर लिनक्सवर चालणारा छोटा संगणक. मधला प्रोग्राम आधीच्या कंत्राटदाराकडच्या पोरानं फ्यूजवर लिहिलेला. हा विजेचा फ्यूज नव्हे, लिनक्समधली एक सोय (FUSE). फ्यूज २००५ पासून लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आहे. ते असल्यामुळे साधा प्रोग्रामही स्वतःची फाइलसिस्टीम, म्हणजे फाइली दाखवणारी व्यवस्था, उभी करू शकतो. कुणी 'तापमान' नावाची फाइल उघडून वाचली की कर्नल ती विनंती प्रोग्रामकडे पाठवतो, प्रोग्राम सेन्सरला विचारतो आणि आलेला आकडा फाइलचा मजकूर म्हणून परत देतो. डिस्कवर काहीच नसतं. मला ही रचना मनापासून आवडते. दोन ओळींची शेल स्क्रिप्टसुद्धा (कमांडची साधी यादी) सेन्सर वाचू शकते. पोरगा हुशार होता. डायरेक्ट आयओ, म्हणजे फाइलचा आकार न बघता प्रत्येक वाचन थेट प्रोग्रामकडे पाठवणारी सोय, लावायला तो विसरला नव्हता. ते नसतं तर शून्य आकाराची फाइल समजून कर्नलनं वाचायची विनंतीच पाठवली नसती.

घोटाळा जंक्शन बॉक्समधल्या सैल वायरीत होता. वीज तुटून परत आली की हा सेन्सर ८५ अंशांपासून सुरू होतो. त्याचं सगळ्यात बारीक, १२ बिटांचं मोजमाप पुरं व्हायला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. तेवढ्यात वीज पुन्हा गेली तर ८५ च हाती येतं. कोडमध्ये सरळ लिहिलं होतं: ८५ आलं किंवा उत्तरच आलं नाही, तर मागचा आकडा द्या. कॉम्प्रेसर चालू-बंद करणारी स्क्रिप्टही तीच फाइल वाचायची. रात्रभर तिला ०.४ मिळत राहिलं, म्हणून तिनं कॉम्प्रेसर बंदच ठेवला.

मी ती ओळ काढली. आता सेन्सर बोलला नाही तर वाचणाऱ्याला इनपुट-आउटपुट एरर मिळते. फाइलची वेळही शेवटच्या खऱ्या मोजमापाची ठेवली, म्हणजे फाइलींची नुसती यादी काढली तरी आकडा किती शिळा आहे ते कळतं. ही सोय फाइलसिस्टीममध्ये पहिल्यापासून आहे. ती न वापरणं मला अक्षम्य वाटतं.

मालक म्हणाले, "ते ८५ मीच काढायला लावलं होतं. खरेदीदार पडदा बघून बिचकायचे." पोराला दोष देत आलो होतो, तो राग तिथे थोडा उतरला. तरी नाही म्हणायला हवं होतं त्यानं.

एरर आल्यावर कॉम्प्रेसरचं काय करायचं, हे अजून पक्कं ठरत नाही. बंद ठेवला तर माल तापतो, सतत चालवला तर देठं गोठतात. सध्या एरर आली की तो थांबून थांबून चालतो आणि सुपरवायझरच्या फोनवर घंटी जाते.